सतरंजीकडचं मत

जयपूरचं एखादं स्थळ निघालं, की भुसावळपासून अमरावतीपर्यंतचे मुलींचे बाप आधी पत्रिका बघत आणि मग इंदुमतीबाईंना पत्र टाकत. हा मान त्यांना कुणी ठरवून दिलेला नव्हता. यजमान रंगनाथ रेल्वेत गार्ड. त्यामुळे निम्म्या स्टेशनांवर ओळखीचं कुणीतरी असायचंच, आणि त्या कुणीतरीच्या नात्यातली एखादी मुलगी लग्नाची असायची. "आमच्या गार्डसाहेबांच्या मंडळी आहेत तिथे, त्यांना विचारा," एवढ्यावर काम भागायचं. मग स्टेशनमागच्या क्वार्टरच्या दारात निळं अंतर्देशीय पत्र येऊन पडायचं. 'आपला परिचय नाही, तरी पत्रास कारण की...'

इंदुमतीबाईंना हे काम मनापासून आवडे. एकाहत्तर साली दोन ट्रंका आणि एक स्टोव्ह घेऊन त्या या गावात आल्या, तेव्हा त्यांना हिंदीत धड भाजी घेता येत नव्हती. पंधरा वर्षांत गावातली साठ-पासष्ट मराठी घरं त्यांना तोंडपाठ झाली. पण मराठी घरांवरच त्यांचं समाधान नव्हतं. सांगरीची शेंग झाडावर येते की वेलीवर, हे त्यांनी ठेलेवाल्याला विचारलं, आणि तो 'बेल पे' म्हणाल्यावर शेजारच्या कंवरबाईंना विचारून तो खोटा पाडला होता. रंगनाथ म्हणत, "तुला रेल्वेत घ्यायला हवं होतं. अपघाताच्या चौकशीला."

शहाऐंशीच्या जानेवारीत, अगदी पहिल्या-दुसऱ्या तारखेला, गुलाबराव नावाच्या गृहस्थांचं चाळीसगावहून पत्र आलं. चौकशी श्यामकांत नावाच्या मुलाची. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, आदर्श नगरात एका पंजाबी कुटुंबाच्या माडीवर राहायचा आणि महाराष्ट्र मंडळाचं पुस्तकांचं कपाट सांभाळायचा. इंदुमतीबाईंना त्याची चौकशी नवी नव्हती. मागच्या वर्षी अमरावतीच्या एका घराला त्यांनीच त्याच्याबद्दल लिहिलं होतं. ते स्थळ पुढे बारगळलं.

गुलाबरावांचं पत्र मात्र नेहमीसारखं नव्हतं.

'मी शाळामास्तर आहे. अमरावतीचे ते लोक आमचे दूरचे आप्त, त्यांच्याकडचं आपलं पत्र मी वाचलं. "मुलगा बायकांना मान देत नाही, हे इथे सर्वांना माहीत आहे," असं आपण लिहिलं आहे. ते वाचून मी हे स्थळ सोडणारच होतो. पण माझी मुलगी चित्रा म्हणाली, की त्यांना हे कसं कळलं ते आधी विचारा. म्हणून विचारतो. सर्वांचं राहू द्या. आपल्याला स्वतःला जे माहीत आहे ते कळवावं. ऐकलेलं असेल तर ऐकलेलं म्हणावं, वाटत असेल तर वाटतं म्हणावं. चित्राला आई नाही. पारखायचं ते मला एकट्याला, आणि मला माणसं पारखता येत नाहीत असं तीच म्हणते.'

इंदुमतीबाईंनी ते दोनदा वाचलं आणि पत्र ताटाशेजारी रंगनाथांच्या पुढ्यात ठेवलं.

रंगनाथ जेवता जेवता हसले. "मास्तर आहे तो. पेपर परत पाठवलाय तुझा."

"चुकीचं काय लिहिलं होतं मी?"

"मला काय विचारतेस? माझ्याशी तर पोरगा हातातलं टाकून बोलतो."

"तुमच्याशी बोलतो हो. तेच तर म्हणतेय मी. पुरुषांशी बोलतो."

दुपारी त्या कागद घेऊन बसल्या. माहीत आहे तेवढंच लिहायचं, असं ठरवून बसल्यावर लेखणी भराभर चालायला हवी होती. ती चार ओळींतच थांबली. कपाट दोन वर्षं त्याच्याकडे आहे आणि एकही पुस्तक गहाळ नाही. हे त्यांनी स्वतः वहीवरून पडताळलं होतं. राहतो कुठे, तेही मागच्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेल्या तेव्हा पाहिलं होतं. पुढे? कपाट त्याच्याकडे आलं त्या वर्षीच्या गणपतीत त्यांनी त्याला विचारलं होतं, मासिकं आली का म्हणून. त्याने मान वर केली नाही. पुन्हा विचारलं, तर सरळ तोंड फिरवून दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागला. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांनी लिहिलं, 'उत्तर दिलं नाही.' मग त्याखाली 'मान देत नाही' असं लिहिलं आणि त्या दोन ओळींकडे बघत राहिल्या. पहिली गोष्ट घडली होती. दुसरी त्यांनी त्या रात्री घरी येऊन, पोळ्या लाटता लाटता, तिला जोडून दिली होती.

पण आपण एकट्याच नाही, सगळ्याच बायका तसं म्हणतात, असं त्यांनी स्वतःला बजावलं. आणि दुसऱ्याच दिवशी त्या सगळ्यांना गाठायला निघाल्या.

पहिलं घर सुमित्राचं. तिचे यजमान डॉक्टर, आणि सिव्हिल लाइंसमधल्या सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यात ती ऊन खात मटार सोलत बसली होती.

"श्यामकांत ना? माहीतच आहे की सगळ्यांना."

"तुला कसं माहीत?"

"इंदूताई, तुम्हीच नाही का सांगितलंत? मागच्या हळदीकुंकवाला."

इंदुमतीबाईंनी एक शेंग उचलली आणि उगाचच सोलली. "मी सांगितलं म्हणून तू मानलंस?"

"तुम्ही सांगितलंत म्हणजे चौकशी केलेली असणार. आणि मतलब, मलाही अनुभव आलाच ना नंतर. पुस्तक बदलून मागितलं, तर हा आपला कार्डं लावत बसला. मी मनात म्हटलं, बरोबर सांगितलं होतं ताईंनी."

आणखी तीन घरं झाली. सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. एकीने सांगितलं, दुसरीने ऐकलं, मग तिच्याशीही तो तसाच वागला. परतताना त्यांना थोडं हलकं वाटत होतं आणि थोडं जड. सुरुवात आपल्यापासून झाली हे खरं. पण आपण बोललो म्हणून काही मुलगा तसा वागायला लागला नव्हता. अनुभव तर प्रत्येकीचा आपापला होता. पुरुषांना विचारावं तर रंगनाथांसारखंच उत्तर: सज्जन, नम्र, आजकाल असे मुलगे नाहीत. म्हणजे मान देत नाही तो फक्त बायकांनाच. मास्तरांना आता छातीठोकपणे लिहायला हरकत नव्हती.

लिहिलंही असतं. पण वाटेत भीमाबाईंचं घर लागलं. भीमाबाई मूळच्या नागपूरकडच्या, रेल्वेतल्या मुलाकडे राहायच्या. पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे कामातून गेलेले, पण मंडळाचा एक रविवार चुकवायच्या नाहीत.

"कोन म्हनते तो बोलत नाही?" भीमाबाई खाटेवर उठूनच बसल्या. "माह्याशी तर घंटाभर बोलते. चष्मा इसरली होती त्या दिवशी, तर पानभर वाचून दाखवलं मले त्यानं. लय साजरं पोरगं आहे वं, इंदू."

"तुमच्याशी बोलतो? नक्की?"

"काहून? मी काय बाई नाही?"

इंदुमतीबाई त्या वाक्यापाशी अडकल्या. रिक्षात बसून घरी येईपर्यंत त्यांनी भीमाबाईंना आपल्या हिशेबात कुठेतरी बसवून पाहिलं. म्हातारी आहे म्हणून मान देत असेल? पण मंडळातल्या सत्तरीच्या यमुनाकाकूही त्याला घमेंडखोरच म्हणायच्या. विदर्भातला म्हणून? तो सोलापूरचा. एक भीमाबाई काही जमत नव्हत्या. एखादीला असा वेगळा अनुभव आला तर त्यात काय, असं रंगनाथ म्हणाले. इंदुमतीबाईंना मात्र ते ताटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

मंडळ महिन्याच्या पहिल्या रविवारी भरायचं, शाळेच्या एका मोठ्या वर्गात. त्या रविवारी इंदुमतीबाई नेहमीच्या जागी बसल्या नाहीत. डोकं दुखतंय, वारा हवा, म्हणून दाराजवळ उभ्या राहिल्या. तिथून सगळा वर्ग दिसत होता. समोरच्या भिंतीला कपाट, त्याच्या पायाशी टेबल, टेबलामागे श्यामकांत. त्याच्या डाव्या हाताला सतरंजी, तिच्यावर बायका. उजव्या हाताला लोखंडी खुर्च्या, तिथे पुरुष. हे कुणी ठरवलं नव्हतं, पहिल्या दिवसापासून असंच होतं. आणि पुरुषांच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, गुडघे वाकत नाहीत म्हणून सतरंजी सुटलेल्या भीमाबाई.

इंदुमतीबाईंचं डोकं खरोखरच ठणकायला लागलं.

त्या बघत राहिल्या. सुमित्रा सतरंजीवरून उठली, टेबलाशी जाऊन हळू आवाजात काही म्हणाली. तो लिहीत राहिला. तिने पुस्तक थेट वहीवर ठेवलं तेव्हा दचकला, हसला, नोंद केली. सुमित्रा परत येऊन शेजारणीला डोळ्यांनी 'बघितलंस?' म्हणाली. थोड्या वेळाने सदाशिवराव, बँकेतले, बायकोला किल्ली द्यायला सतरंजीकडे आले होते, ते तिथूनच टेबलावर वाकले आणि काही विचारलं. उत्तर नाही. "आज साहेबांचा मूड दिसत नाही," असं पुटपुटत ते खुर्च्यांकडे गेले.

एवढं पाहिल्यावर इंदुमतीबाई खुर्च्यांना वळसा घालून उजवीकडून टेबलाशी गेल्या आणि अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, "दिवाळी अंक उरलाय का एखादा?"

त्याने लगेच वर पाहिलं. "या ना काकू. दोन ठेवलेत तुमच्यासाठी बाजूला. मला वाटायचं तुम्ही नुसत्या ऐकायलाच येता, वाचत नाही. कधी मागितलंच नाहीत."

दोन वर्षं त्या डावीकडून मागत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं तेव्हा रंगनाथ म्हणाले, "झालं तर. एका कानाने बहिरा आहे. लिहून टाक मास्तरला."

"नाही. मला एवढंच माहीत आहे, की डावीकडून विचारलं की उत्तर येत नाही. का येत नाही ते माझं मत झालं. एकदा मत लिहून बसलेय मी."

"मग?"

"ज्याचा कान त्याला विचारते."

चौकशीच्या एवढ्या वर्षांत हे त्यांनी कधी केलं नव्हतं. कुणीच करत नाही. मुलाची चौकशी शेजाऱ्यांकडे, दूधवाल्याकडे, ऑफिसातल्या शिपायाकडे करायची. खुद्द मुलाला विचारलं तर ती चौकशी कसली.

संक्रांतीला त्यांनी श्यामकांतला तिळगुळाला बोलावलं. जयपुरात त्या दिवशी कुणी घरात थांबत नाही, सगळं गाव गच्चीवर. त्यांनीही क्वार्टरच्या गच्चीवर सतरंजी टाकली. आभाळ पतंगांनी भरलं होतं. डाव्या बाजूच्या गच्चीवरून एकदम "वो काटा" असा गलका उठला. श्यामकांतने उत्सुकतेने मान उजवीकडे वळवली आणि तिथे काही दिसेना म्हणून चहूकडे बघायला लागला.

"तुम्हांला आवाज कुठून येतो ते कळत नाही ना?" त्या म्हणाल्या. त्या त्याच्या उजव्या हाताला बसल्या होत्या. "मी वयाने मोठी आहे म्हणून विचारते. राग मानू नका."

त्याने डाव्या कानाला हात लावला, जणू तो जागेवर आहे ना ते बघायला. "चौथीत कान फुटला. महिनाभर वाहत होता, मग थांबला. ऐकू येणंही थांबलं. आई म्हणाली, लग्न ठरेपर्यंत कुठे बोलायचं नाही. वर्गात मी फळ्याच्या अशा टोकाला उभा राहतो, की सगळी मुलं उजवीकडे येतात, त्यांना कळत नाही." मग हातातला लाडू मोडत म्हणाला, "अमरावतीच्या लोकांना कुठून तरी कळलंच शेवटी. नकार आला. मी म्हटलं, ठीक आहे, त्यांचंही बरोबरच आहे."

इंदुमतीबाईंच्या हातात तिळगुळाचा डबा होता. झाकण लावावं, विषय बदलावा, असं त्यांना फार वाटलं. कानामुळे नकार आला असंच त्याने मानून चालत राहिलं असतं, तर कुणाचं काही बिघडत नव्हतं.

"त्यांना तुमच्या कानाचं काही माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी लिहिलं होतं. तुम्ही बायकांना मान देत नाही, असं."

"मी?"

"मला उत्तर मिळालं नव्हतं गणपतीत. मग इतरांनाही मिळालं नाही. मी ते सगळ्यांच्या वतीने लिहून टाकलं."

"म्हणजे दोन वर्षं तिकडे बसलेल्या सगळ्या जणी मला..."

"हो."

त्याने हातातला अर्धा लाडू वाटीत ठेवला. "काकू, यापेक्षा बहिरा म्हटलं असतंत तर परवडलं असतं."

इंदुमतीबाईंनी गुलाबरावांचं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते सावकाश वाचलं, 'चित्रा म्हणाली' तिथे थोडा थांबला, घडी घालून परत दिलं आणि जिना उतरून निघून गेला. कानाचं लिहायचं की नाही, हे विचारायला त्यांना तोंडच राहिलं नाही.

आठवडा गेला. उत्तराचं अंतर्देशीय मिसळणाच्या डब्यामागे तसंच कोरं पडलं होतं. रंगनाथ ड्यूटीवर जाताना एकदा म्हणाले, "मास्तर वाट बघत असेल." त्या म्हणाल्या, "बघू दे." या मधल्या दिवसांत त्यांनी अमरावतीला मात्र पत्र टाकलं, आपण जे लिहिलं ते चुकीचं होतं, एवढंच. तिथल्या मुलीचं लग्न कधीच होऊन गेलं होतं. उत्तर आलं नाही.

नवव्या दिवशी कॉलेज सुटल्यावर श्यामकांत दारात उभा. आत आला नाही. "मास्तरांना लिहिलंत?"

"नाही. तुमचं तुम्ही सांगितल्याशिवाय कसं लिहू?"

"तुम्ही तुमचं लिहा. शेवटची घडी कोरी ठेवा. तिथे मी लिहितो."

त्यांनी त्याच संध्याकाळी लिहिलं. 'मला माहीत आहे ते असं: कपाट नीट ठेवतो. म्हाताऱ्या बाईला पानभर वाचून दाखवतो, हे त्या बाईंनीच सांगितलं आणि त्या उगाच कुणाचं कौतुक करत नाहीत, म्हणून यावर माझा विश्वास आहे. मी पाहिलेलं नाही. मागच्या पत्रात जे लिहिलं ते माझं मत होतं. मी ते माहिती म्हणून लिहिलं, आणि एकदा पसरल्यावर मलाच ते चार घरांतून परत ऐकायला मिळालं, तेव्हा आणखी खरं वाटलं. मुलाला मी दुखावलं. तरी तो परत दाराशी आला. त्यावरून माझं त्याच्याबद्दल फार चांगलं मत झालं आहे, पण हेही मतच. बाकी तो स्वतः लिहील.' श्यामकांतने खाली तीन ओळी लिहिल्या. त्या त्यांनी वाचल्या नाहीत. वाचाव्याशा फार वाटल्या, आणि डिंक लावताना पत्र पालथं धरलं.

फेब्रुवारीच्या शेवटी गुलाबराव मुलीला घेऊनच आले, सवाई माधोपूरला गाडी बदलून. उंच, खादीचा कोट, बोलताना समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देणारे. चित्रा सावळी, चष्मा लावणारी, बी.एस्सी. झालेली. श्यामकांत इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पोहे झाले, हवापाण्याच्या गप्पाही झाल्या.

"चित्राला पसंत आहे," गुलाबराव इंदुमतीबाईंना म्हणाले. लगेच अडखळले. "म्हणजे, तसं मला वाटतं. विचारलेलं नाही अजून."

"बाबा," चित्रा म्हणाली, "मला अजून काहीच माहीत नाही. मी यांच्याशी बोलू का?"

दोघं गच्चीवर गेली. जिन्याचं दार उघडंच राहिलं आणि स्वयंपाकघरात वरचे शब्द सुटे सुटे ऐकू यायला लागले. इंदुमतीबाई दाराकडे एक पाऊल सरकल्या. आयुष्यात इतकं ऐकावंसं त्यांना क्वचितच वाटलं असेल. त्यांनी स्टोव्हला दहा-बारा पंप मारले. त्याच्या फरफराटात सगळं बुडालं.

"काय ठरत असेल हो?" गुलाबराव दाराशी येऊन म्हणाले.

"मला माहीत नाही."

"तरी, तुमचा अंदाज?"

"मास्तर, तुम्ही मला आता अंदाज करू देत नाही आणि विचारताही तुम्हीच."

गुलाबराव ओशाळून हसले आणि बाहेरच्या खोलीत रंगनाथांकडे जाऊन बसले.

अर्ध्या तासाने चित्रा एकटीच खाली आली, सरळ स्वयंपाकघरात. चष्मा पुसत होती. इंदुमतीबाई चहाच्या कपांना कान आहेत का ते बघत राहिल्या.

"मावशी, त्यांनी पत्रात लिहिलं होतं, डाव्या कानाने अजिबात येत नाही म्हणून. मला खरं वाटलं होतं, पण बघायचं होतं." ती आवाज खाली आणून म्हणाली, "संक्रांतीचे तारांत अडकलेले पतंग दाखवत होते, तेव्हा मी डावीकडे गेले आणि म्हटलं, तुम्ही मला आवडलात."

"मग?"

"पतंगच दाखवत राहिले." ती हसू दाबत होती, ते दाबलं जात नव्हतं. "आता चहा घेऊन जाते. या वेळी उजवीकडे बसेन. पण बाबांना एवढ्यात सांगू नका. आधी त्यांना कळायला हवं ना."

इंदुमतीबाईंनी दोन कप बशांत ठेवले, साखर जरा जास्तच पडली. चित्रा जिना चढून गेली. बाहेरून गुलाबरावांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"चहा मागितला तिने," इंदुमतीबाई म्हणाल्या, आणि स्टोव्हला आणखी दोन पंप मारले.